खिडकीवरचा तेलाचा डाग

शनिवारी डायलिसिस आटोपून घरी येताना वेणूबाईंनी गाडीतच जाहीर करून टाकलं, की मंगळवारपासून त्या येणार नाहीत.

जाहीर तरी कसं, तर आधी मांडीवरच्या स्टीलच्या डब्यात ओकल्या, डब्याला झाकण लावलं, पदराने तोंड पुसलं आणि भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "पूर्णिमा, मंगळवारी मले नको नेऊ. मी काई येत नाई."

पौड रोडच्या सिग्नलला थांबलेल्या पूर्णिमाने आरशातून मागे पाहिलं. "येत नाही म्हणजे?"

"म्हणजे येत नाई. मराठीतच बोलून राहिली न मी?"

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्याने लगेच हॉर्न ठोकला. पूर्णिमाने गिअर टाकला. वाद घालायला तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं. सकाळची शाळा, तीत नववीचा भूगोल, मग धावत घरी, मग सासूला घेऊन नळ स्टॉपपलीकडचं डायलिसिस सेंटर, तिथल्या बाकावर चार तास बसून पेपर तपासणं, आणि मग परत. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मधल्या दिवशी बाकीचा संसार. नवरा बद्रीनाथ बदली होऊन नागपूरला गेला होता आणि रोज रात्री फोनवर न चुकता विचारायचा, "आईनं खाल्लं का?" एकदा तिने वैतागून "हो, मलाच खाल्लं" असं सांगितलं तर पलीकडून नेटवर्क गेलं. बरोबर तेव्हाच जातं ते.

पण येत नाही म्हणजे काय? पावसाळ्यात एकदा वेणूबाईंची एक फेरी चुकली होती. दुसऱ्या दिवशी पाय खांबासारखे सुजले आणि श्वास असा लागला की त्या आडव्याही होऊ शकेनात. तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर आम्हाला बोलू नका.

"आई, डॉक्टर काय म्हणाले होते आठवतंय ना?"

"डॉक्टरले म्हणा, तू बस या गाडीत."

गाडी गल्लीत वळली. सोसायटीच्या आधीचा स्पीडब्रेकर आला. पूर्णिमाने नेहमीसारखी गाडी हळू केली, अगदी डावीकडे घेतली आणि डावी चाकं ब्रेकरच्या कडेला, पाणी जायला ठेवलेल्या फटीतून काढली. पुण्यात निम्मं शहर असंच चालवतं. ब्रेकर पूर्ण कशाला सोसायचा, अर्धा चुकवता येतो ना! दुचाकीवाले तर त्या फटीतून अख्खेच निसटतात. पूर्णिमा पूर्वी हे कधीमधी करायची, पण वेणूबाईंना नेऊ लागल्यापासून तिने एकही ब्रेकर सरळ घेतला नव्हता. तेवढाच सासूचा एक धक्का वाचतो.

मागे ठक् असा आवाज झाला.

"लागलं का?"

"नाई," वेणूबाई म्हणाल्या. "काच पक्की हाये."

*

गाडीला हे दुखणं दिलं होतं अभिनवने, आणि तेही मायेपोटी.

अभिनव म्हणजे वेणूबाईंचा धाकटा मुलगा. नोकरी हिंजवडीला, बिऱ्हाड वाकडला मित्रांसोबत, आणि जीव गाड्यांमध्ये. ही गाडी जुनी, उंच बांध्याची. वळणावर अशी कलायची की वेणूबाई मागच्या सीटवर या दारापासून त्या दारापर्यंत घसरत जायच्या. डायलिसिसनंतर आधीच माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखं झालेलं असतं, त्यात हे हेलकावे. मळमळ व्हायची. अभिनवने एकदा ते पाहिलं आणि दिवाळीत गाडी घेऊन गेला. भाऊबीजेला परत आणली ती खाली दोन नवे दांडे बसवून.

"स्वे बार!" त्याने हात पसरून सांगितलं होतं. "वहिनी, हा पोलादी दांडा डाव्या चाकाला आणि उजव्या चाकाला एकत्र बांधतो. वळणावर एक बाजू दबायला लागली की तो पीळ खातो आणि म्हणतो, नाही दबायचं. पुढे एक, मागे एक. आता गाडी कलणार नाही. आई, तुझ्यासाठी बसवलेत."

"मले साडी आणली असती तरी चाललं असतं," वेणूबाई म्हणाल्या होत्या.

आणि खरंच, गाडी कलायची बंद झाली. वळणावर पाटासारखी सपाट. पूर्णिमालाही स्टीअरिंग हातात असताना बरं वाटलं. पण वेणूबाईंची मळमळ जी वळणांपुरती होती ती आता सेंटरपासून घरापर्यंत पसरली. आधी हातरुमाल पुरायचा, मग पिशवी आली, मग तो स्टीलचा डबा.

शनिवारी रात्री पूर्णिमाने अभिनवला फोन लावला.

"तुझे दांडे काढून टाक."

"अगं वहिनी, जुना पुढचा बार भंगारात गेला. मागे तर कंपनीचा नव्हताच. लगेच नाही काढता येणार. पण ॲडजस्ट होतात ना ते! उद्या खडकीला जाऊ, भैरूकडे."

"उद्या माझा रविवार आहे."

"माझापण रविवार आहे."

"तुझा रविवार आणि माझा रविवार यात फरक आहे, अभिनव."

त्याने नमतं घेतलं. मग म्हणाला, "मी सकाळी येतो. तू फक्त बस गाडीत."

*

भैरूची शेड खडकी बाजाराच्या मागे होती. भैरू जाडजूड, गळ्यात सोन्याची साखळी, गाव शहरात गेलेलं, जमिनीवर बिल्डिंगी उभ्या राहिलेल्या. गॅरेज चालवायचा ते निव्वळ हौस म्हणून. त्याला गाडीपेक्षा बोलायला जास्त आवडायचं.

"डोकं आपटतंय? मंग बार अजून टाईट करू की! गाडी हलतीय म्हणून डोकं हलतंय. एकदम दगड करून टाकू."

"दगड आधीच झालीये," पूर्णिमा म्हणाली. "माझ्या सासूबाईंना विचारा."

"ताई, इथं रेसिंगवाली पोरं येत्यात. एकानं बी डोक्याची तक्रार केली न्हाय."

"त्यांनी हेल्मेट घातलेलं असतं ना," पूर्णिमा म्हणाली, आणि कोपऱ्यातल्या टायरच्या चळतीवर बसली.

अभिनव मात्र गाडी रॅम्पवर चढल्याबरोबर तिच्या खाली शिरला होता. त्याने तिला हाक मारून दाखवलं. दांड्याच्या दोन्ही टोकांना ओळीने तीन भोकं होती. चाकाकडे जाणारी छोटी कांडी त्यांतल्या एका भोकात बोल्टने अडकवलेली. टोकाच्या भोकात अडकवली की दांडा मऊ, आतल्या भोकात अडकवली की कडक.

"आणि तू कुठल्या भोकात घातलीस?"

अभिनवने मान खाजवली. "मागचा... सगळ्यात आतल्या. गाडी वळते काय झकास तशी, वहिनी!"

"आई वळत नाहीत ना पण."

"टोकाला घेतो. पण नुसता मागचाच मऊ केला तर पुढचा भारी पडेल. मग वळवलं तरी गाडीचं नाक बाहेर जायला बघेल. दोन्हींचा मेळ लागतो."

"नाक कुठे जातं त्याच्याशी मला घेणं नाही. आईंचं डोकं कुठे जातं ते बघ."

तिला पटवून द्यायचं म्हणून त्याने आधी फक्त मागचा मऊ केला. शेवटचे बोल्ट गाडी खाली उतरवून, माणसं आत बसल्यावर आवळायचे असतात, नाहीतर दांडा सुरुवातीपासूनच पीळ खाऊन बसतो. भैरू म्हणाला, "म्हातारी बसती तिथं बसा, ताई." म्हणून पूर्णिमा मागे डावीकडे बसली.

तिथे ती याआधी कधीच बसली नव्हती. तिची गाडी, तिचं लायसन्स, तिचं पेट्रोल, पण ही जागा तिने फक्त आरशातून पाहिलेली. सीटच्या कडेला जपमाळेचा एक मणी अडकला होता. दाराचं हँडल धरून धरून गुळगुळीत झालेलं. आणि काचेवर, तिच्या कानाच्या उंचीवर, एक धुरकट गोल डाग होता. तिने बोट लावलं. खोबरेल तेल.

तिने बोट नाकाशी नेलं, मग ओढणीला पुसलं. खाली भैरू पान्याशी झटत होता. "झालं का?" अभिनव विचारत होता. ती त्या डागाकडे बघत राहिली. किती वेळा आपटलं की असा डाग पडतो, हा हिशोब तिला करायचा नव्हता.

पहिल्या फेरीला अभिनवने कॅन्टोन्मेंटच्या झाडांमधून गाडी नेली. वळणावर त्याने तोंड वाकडं केलं. "बघ, मी वळवतोय आणि ही सरळ जाऊ बघतेय. सांगितलं होतं." परत शेडमध्ये. मग पुढचाही दांडा एक भोक मऊ केला. पुन्हा पूर्णिमा मागे. पुन्हा बोल्ट. पुन्हा तोच रस्ता.

दुसरी फेरी संपली. अभिनव उत्साहाने मागे वळला. "आता बोल, वहिनी! कसं वाटलं? वळणावर? ब्रेकरवर?"

उत्तर आलं नाही.

पूर्णिमा तोंड किंचित उघडं टाकून झोपली होती. ओढणी एका खांद्यावरून खाली सरकलेली, हातात मोबाइल तसाच.

भैरू खिडकीत वाकून पाहायला आला. "ह्यो काय प्रकार हाय? गाडी टेस करायला आणली का झोपायला?"

"शू," अभिनव म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं आणि बराच वेळ तो तसाच बसून राहिला. भैरूला बोलायला कोणी नसल्यामुळे तो स्वतःच चहा घेऊन आला.

चहाच्या वासाने पूर्णिमा जागी झाली. "झाली फेरी?"

"झाली. चार ब्रेकर झाले, दोन वळणं झाली. तू घोरत होतीस."

"मी घोरत नाही."

"बरं. गाडी घोरत होती. म्हणजे सेटिंग जमलं."

पण पूर्णिमाच्या मनात काहीतरी अडकलं. चार ब्रेकर आणि जाग नाही? ती कितीही दमलेली असली तरी तिच्या गाडीत ब्रेकरवर मागे आवाज होतोच. तिने चहा संपवला आणि म्हणाली, "पुन्हा चल. पण आता मी घेते तसा घे ब्रेकर."

"तू कसा घेतेस?"

"साइडने. डावी चाकं फटीतून. हळू, आई बसल्यात असं समजून."

अभिनवने पुढचा ब्रेकर तसा घेतला. अगदी हळू. डावी चाकं सपाट गेली, उजवी चढली आणि गाडी एकदम आडवी हिसडली. पूर्णिमाचं डोकं काचेवर जाऊन आदळलं. ठक्. बरोबर त्या तेलाच्या डागावर.

"लागलं?" अभिनवने गाडी थांबवली.

ती डोकं धरून बसली होती. "सरळ घे पुढचा."

सरळ घेतला. गाडी वर आली, खाली गेली, बस्स. पोटात लिफ्टसारखं झालं तेवढंच.

"अरे देवा," अभिनव म्हणाला. "वहिनी, दोन्ही चाकं एकदम चढली की दांडा नुसता फिरतो, त्याला कामच नाही. पण एकच चाक चढलं की तो दुसऱ्यालाही ओढतो. म्हणजे अख्खी गाडी झोका खाते. आणि मी मागचा सगळ्यात कडक करून ठेवलेला..."

"आणि मी रोज एकच चाक चढवत होते."

"तू तर धक्का वाचवत होतीस."

"हो ना," पूर्णिमा म्हणाली. "वाचवत होते."

ती हसली, पण हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं तर आता रडायलाही ती दमली होती.

"मीच मूर्ख," अभिनव म्हणाला.

"आपण वाटून घेऊ. आता मला घरी सोड. धुणं भिजत पडलंय."

*

मंगळवारी शाळेतून आल्यावर पूर्णिमा बघते तर वेणूबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. साडी बदललेली नाही, वेणी घातलेली नाही. चादरीबाहेर आलेले पाय आताच टम्म दिसत होते.

"आई, उठा. निघायला हवं."

"सांगतलं न शनिवारी."

"गाडी दुरुस्त करून आणलीये. तुमच्या जागेवर बसून आले मी. माझंही डोकं आपटलं."

भिंतीकडचं तोंड जरासं वळलं. "जोरात?"

"टेंगूळ आलंय. आणि दोष नुसता दांड्याचा नव्हता. मी चुकीचं चालवत होते. ते ब्रेकर साइडने घेत होते ना, त्यानेच तुम्हाला आपटत होतं."

"मले काय समजते त्यातलं. मले येवढंच समजते, की मी गाडीत बसते तवा माणूस असते आन् उतरते तवा गठुडं असते. कायले करायचं हे? मेले तर मेले."

एरवी पूर्णिमाने समजावलं असतं. डॉक्टरांचं नाव काढलं असतं, बद्रीनाथला फोन लावून दिला असता. आज ती पलंगाच्या कडेला बसली. पायातली चप्पलही काढली नव्हती.

"आई, माझ्यात भांडायची ताकद नाही हो. खरंच नाही. आज एकदा या. जर डोकं आपटलं, नाहीतर डबा उघडावा लागला, तर गुरुवारी मी तुम्हाला विचारणार नाही. कोणालाच विचारू देणार नाही."

आपण काय बोलून गेलो ते तिला बोलल्यावर कळलं. पण शब्द बाहेर पडला होता.

वेणूबाई उठून बसल्या. "शब्द?"

"शब्द."

"मंग माह्यी फणी दे."

जाताना काही झालं नाही, पण जातानाचा प्रश्न नसतोच. चार तासांनी पूर्णिमाने त्यांना धरून गाडीत बसवलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता आणि डबा त्यांनी आपणहून मांडीवर घेतला होता. झाकण काढून.

पूर्णिमाने आयुष्यात इतकी गाडी चालवली, पण असा घाम तिला शिकतानाही फुटला नव्हता. वळणं गेली. गाडी आता थोडी कलत होती, पण बेताने, माणूस मान डोलावतो तेवढीच. पहिला ब्रेकर आला. तिचा हात सवयीने डावीकडे वळायला लागला. तिने तो ओढून परत आणला. सरळ. हळू. दोन्ही चाकं एकदम. वर, खाली.

मागून आवाज नाही.

दुसरा. तिसरा. मागच्या गाड्या करवादायला लागल्या होत्या, कारण ती प्रत्येक ब्रेकरला जवळजवळ थांबत होती. आरशात बघायची तिला हिंमत होत नव्हती.

आणि मग, घराच्या गल्लीच्या तोंडाशी, पाइपलाइनचा चर. सकाळी नव्हता, आता होता. रस्ता तिरपा खणलेला आणि वर माती लोटून उंचवटा करून ठेवलेला. कसाही घेतला तरी आधी एकच चाक चढणार.

पूर्णिमाने गाडी थांबवली. मग स्टीअरिंग पूर्ण फिरवून गाडी रस्त्यावर तिरपी केली, इतकी की तिचं तोंड चराला अगदी समोरासमोर आलं आणि दोन्ही बाजूंची वाहतूक ठप्प झाली. ती इंचाइंचाने पुढे जाऊ लागली.

"ओ मॅडम!" एक दुचाकीवाला ओरडला. "रस्ता विकत घेतलाय का? चाक साइडनं काढा ना, जागा आहे तिकडे!"

"लायसन्स ऑनलाइन मागवलं वाटतं," दुसरा म्हणाला.

मागच्या खिडकीची काच खाली गेली. वेणूबाईंनी डोकं बाहेर काढलं. आवाज बारीक होता, पण धार होती.

"थांब न बे! पेशंट हाये गाडीत!"

दुचाकीवाला वरमला. पूर्णिमाचं तर क्लचवरचं पाऊलच हललं. आजवर त्यांनी स्वतःला पेशंट म्हणवून घेतलं नव्हतं. नर्सने तसं म्हटलं तरी त्या तिला आपलं नाव ऐकवायच्या.

दोन्ही चाकं चढली. दोन्ही उतरली. काच वर गेली.

सोसायटीत गाडी लावल्यावर पूर्णिमाने इंजिन बंद केलं आणि कपाळ स्टीअरिंगला टेकवलं. पाठीतून एक कळ मानेपर्यंत आली. तिला गुरुवारचं विचारायचं होतं, पण विचारलं नाही. शब्द दिला होता ना, की डबा उघडावा लागला तर विचारणार नाही. आणि डबा उघडाच होता.

शेवटी तिने आरशात पाहिलं. डबा कोरडा. त्यावर वेणूबाईंचा हात सैल पडलेला, डोकं काचेला टेकलेलं, डोळे मिटलेले. पोट श्वासासोबत सावकाश हलत होतं.

उठवावं असं तिच्या मनात आलं. वर स्वयंपाक व्हायचा होता. धुणं दोरीवर होतं. चाचणीचे पेपर पिशवीत तसेच. तिने सीट थोडी मागे केली, फक्त पाच मिनिटांपुरती, आणि डोळे मिटले.

कोणीतरी खांदा हलवत होतं म्हणून ती जागी झाली. गाडीत अंधार होता. पार्किंगमधले दिवे लागले होते.

"अवो, झोपली काय तू?" वेणूबाई मागून म्हणत होत्या. "मले वाटलं, मीच झोपली."

"किती वाजले?"

"मले काय ठाऊक. घड्याळ तुह्या हातात." त्यांनी दार उघडायचा प्रयत्न केला, जमला नाही, मग पुन्हा टेकून बसल्या. पूर्णिमा उतरून त्यांच्या बाजूला गेली आणि दार उघडलं. वेणूबाईंनी तिचा हात धरला, एक पाय बाहेर टाकला आणि तिथेच थांबून काचेकडे पाहिलं.

"हे काय गं कळकट?"

"तेलाचा डाग आहे, आई."

"पुसत जा न काच. लोक काय म्हणतीन, मास्तरीण अन् गाडी अशी." त्यांनी पदराचं टोक घेऊन डागावर दोनदा घासलं. तो गेला नाही, नुसता पसरला. "गुरुवारी निघायच्या आंधी साबणानं पुस."

"हो," पूर्णिमा म्हणाली.

"अन् डबा लहान घे. येवढा मोठा कायले वागवू मी उगीच."

दोघी एकमेकींना धरून लिफ्टकडे निघाल्या. लिफ्ट बंद होती.